इंदूरात बर्फ फक्त गोळ्याचा? आइस हॉकीवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी आपल्या मुलींनी 2025 ला आशिया कपमध्ये आइस हॉकीचं ब्राँझ आणलं त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या, खरं तर पानावर जागा उरली होती म्हणून. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की या महिन्यात क्रिकेटवाल्यांना जरा थांबावं लागणार. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण निम्म्या पत्रांमध्ये नवऱ्याची नाहीतर सासूबाईंची तक्रार आहे आणि मला कोणाच्या घरात भांडणं लावायची नाहीत.

"मुलगा 12 वर्षांचा आहे, चार वर्षांपासून स्केटिंग करतो, आधी क्वाड (दोन-दोन चाकांच्या जोड्या), आता इनलाइन (एका रांगेत चाकं). वर्षभर यूट्यूबवर एनएचएल (अमेरिका-कॅनडाची मोठी आइस हॉकी लीग) बघून बघून डोक्यात आइस हॉकीच शिरलंय, भिंतीवर पोस्टर, रात्री स्टिक उशाशी. मिस्टर म्हणतात इंदूरात बर्फ एकच, गोळ्याचा, हे खूळ दहावीपर्यंत उतरेल, पैसे घालू नको. सासूबाई म्हणतात दात पडतील. मी मधल्यामध्ये. हो म्हणू की नाही?" (एक आई, सुदामा नगर)

ताई, मिस्टरांचा डायलॉग मी सरळ मथळ्यात ढापलाय, त्यांना सांगा राग मानू नका. आणि त्यांचं अर्धं म्हणणं खरंच आहे. आपल्या देशात हॉकी खेळण्याजोगा बर्फ मोजायला बसलं तर हाताची बोटंसुद्धा जास्त होतील. लेहला आणि हिमाचलात काझाला थंडीत पाणी गोठवून रिंक करतात, शिमल्याचा जुना रिंक 1920 चा, तोही थंडीच्याच भरवशावर, आणि देहरादूनला एक मोठा इनडोअर रिंक आहे जो 2011 च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधला आणि मग वर्षानुवर्षं कुलूप लावून पडला होता, कारण त्याचा खर्च कोण उचलणार, तो 2025 ला परत सुरू झाला. मॉलमधले स्नो पार्क यात धरू नका, तिथे फोटो छान निघतात, हॉकी होत नाही.

पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लेहच्या पोरांनाही नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन-अडीच महिने मिळतो, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, तेही ऊन कसं पडतंय त्यावर. बाकीचं वर्ष तीही जमिनीवरच. म्हणजे तुमच्या मुलात आणि त्यांच्यात फरक आहे, चांगला मोठा आहे, पण त्यांना बारा महिने आणि आपल्याला शून्य असा हिशोब नाहीये.

तर हो म्हणा, पण आत्ता इनलाइन हॉकीला हो म्हणा. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया याच्या नॅशनल्स घेते, खाली स्टेट वगैरे आपली नेहमीची शिडी. एका बाजूला चार प्लेयर आणि एक गोली, म्हणजे गोलकीपर, अंगावर जाऊन पाडणं नियमातच बसत नाही, त्यामुळे सासूबाईंनाही जरा बरं वाटेल. पास देणं, मान वर ठेवून पळणं, जागा बघून सुटणं, हे सगळं चाकांवर शिकलेलं बर्फावर कामी येतं.

कामी येत नाही ते थांबणं, आणि हे मी पालकांना स्केट हातात देऊनच दाखवते. आइस स्केट उलटा धरला की दिसतं, पातं खालून सपाट नसतं, मधून लांबच लांब बारीक खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन धारा, एक आतली एक बाहेरची, बोट फिरवलं तर लागतात. टीव्हीवर प्लेयर एकदम आडवा होऊन बर्फाचा फवारा उडवत थांबतो ना, तो याच धारांवर थांबतो. चाकाला असली धार नसते, त्यामुळे इनलाइनवाला पोरगा पहिल्यांदा बर्फावर उतरतो तेव्हा पळतो झकास आणि थांबतो डायरेक्ट रिंकच्या कडेच्या बोर्डवर धडकून. मग जमतं हळूहळू. ही धार सारखी लावून घ्यावी लागते, त्याचं वेगळं मशीन असतं, सायकलवर दगड फिरवत चाकू-कैंचीवाला येतो त्याच्यापुढे स्केट धरू नका, तो खाचच घासून टाकेल आणि वर म्हणेल भिया एकदम चकाचक कर दिया.

म्हणून आइस स्केट्स आत्ता अजिबात घेऊ नका. 12 वर्षांच्या मुलाचा पाय दर वर्षी एक साइज पुढे जातो, बाहेरून मागवलेला जोडा बर्फ बघायच्या आधीच लहान होतो. चांगलं हेल्मेट, त्याला पुढे पूर्ण जाळी, हातमोजे, गुडघा-नळीचं गार्ड, बस. आपल्याकडे पोरं क्रिकेटचं एल्बो गार्ड आणि फुटबॉलचे शिन पॅड घालून येतात आणि स्टिकच्या पात्याला बाबांच्या ऑफिसातून आणलेली कापडी टेप गुंडाळतात, शिकायच्या लेव्हलला चालून जातं. दोन वर्षांनी पोस्टर अजून भिंतीवर असेल तर एखादा सुट्टीतला कॅम्प बघा, देहरादून तसं आपल्याला गाठण्यासारखं आहे, लेहचं मग बघू. आणि मिस्टर म्हणतात तसं दहावीपर्यंत खूळ उतरलं तर उतरलं, स्केट्स ओएलएक्सवर जातील. एवढ्याशा खर्चात घरात वाद घालण्यासारखं यात काही नाही. दातांचं पुढच्या उत्तरात वाचा.

"वय 78. लहानपणी महूला शंकर लक्ष्मण यांना गोलमध्ये उभं राहिलेलं पाहिलंय. नातू मोबाइलवर जी आइस हॉकी दाखवतो त्यात खेळ कमी आणि हातमोजे फेकून मुक्केबाजी जास्त, वर रेफरी बाजूला उभा राहून बघतो! याला खेळ म्हणायचं का, आणि मुलांना यात घालायचं का?" (एक आजोबा, टिळक नगर)

काका, तुम्ही शंकर लक्ष्मण बघितलेत, आता तुमच्यापुढे मी काय बोलणार. ऑलिंपिक हॉकीत 1956 आणि 1964 चं सुवर्ण, मधलं 1960 चं रौप्य, आणि तोंडावर मास्क नाही. त्या काळाचा गोली आणि आत्ताचा आइस हॉकीचा गोली शेजारी उभे केले तर आत्ताचा पोरगा गादी बांधून आलाय असं वाटेल.

रेफरी बघत उभा राहतो हे तुमचं बरोबर आहे. एनएचएलमध्ये मारामारीला 5 मिनिटांची शिक्षा आहे, दोघं पेनल्टी बॉक्समध्ये बसतात आणि पाच मिनिटांनी परत मैदानात, म्हणजे मनाई आहे पण चालवूनही घेतात. ऑलिंपिकमध्ये तेच केलं तर सामन्यातून बाहेर. खेळ तोच, पक (बॉलऐवजी असते ती रबरी चकती) तीच, फक्त एका ठिकाणी तिकीट विकायचं असतं. आता एनएचएलमध्येही ऐंशीच्या दशकाच्या मानाने मारामाऱ्या पुष्कळ कमी झाल्यात, पण 20-20 मिनिटांच्या तीन पिरियडमधून रील बनवणाऱ्याला पंधरा सेकंदच लागतात आणि ती कुठली तो घेणार हे आपल्याला माहीत आहे. गंमत बघा, नातू त्याच रीलवर फिदा, तुम्ही त्याच रीलवर नाराज, आणि वरच्या पत्रातल्या सासूबाई त्याच रीलमुळे घाबरलेल्या. पूर्ण मॅच तिघांपैकी कोणीच बघितलेली नाही. एक बघा नातवाबरोबर, शक्यतो मुलींची आंतरराष्ट्रीय मॅच, त्यात पासिंग जास्त दिसतं आणि तुमच्यासारख्या जुन्या हॉकीवाल्याला तेच आवडेल.

लहान मुलांचं म्हणाल तर तिकडेही हाच विचार झालाय. अंगाने धडकून पाडणं, बॉडी चेकिंग म्हणतात, ते अमेरिकेने 2011 ला आणि कॅनडाने 2013 ला 11-12 वर्षांच्या गटातून काढून टाकलं, कारण डोक्याला मार लागायचा. दातांची भीती मुलांच्या बाबतीत जरा जास्तच आहे, तिकडे मुलांना तोंडावर पूर्ण जाळी सक्तीची असते, दात पडलेले हसरे फोटो असतात ते मोठ्या प्रोफेशनल लोकांचे, जे अर्धीच काच लावतात.

म्हणून धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. पक कडक रबराची, साधारण 160-170 ग्रॅमची, म्हणजे वजनाला क्रिकेटच्या लेदर बॉलच्या आसपास, आणि मोठ्यांच्या खेळात ती ताशी 150 किलोमीटरनेही जाते. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडात शेफिल्डला ॲडम जॉन्सन हा खेळाडू दुसऱ्याच्या स्केटचं पातं गळ्याला लागून मरण पावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय फेडरेशनने गळ्याचं गार्ड सक्तीचं केलं. तेव्हा काका, नातवाला घालायचं असेल तर मुक्क्यांची काळजी सोडा आणि क्लबमध्ये गळ्याचं गार्ड वापरतात का ते विचारा.

"मी 15 वर्षांची आहे, इनलाइन हॉकी खेळते. आमच्या ग्रुपमध्ये मुली तीनच उरल्या. मावशी म्हणाली चेहऱ्यावर टाके पडले तर पुढे लग्नाला त्रास. टीममधली मुलं पास देत नाहीत. सोडू का?" (विजय नगर)

नको सोडू बेटा. मावशीला सांग, पूर्ण जाळीचं हेल्मेट घालते, टाके पडले तर स्कूटीवरून पडून पडतील, आणि स्कूटी तर तीच शिकवतेय ना तुला?

आता सीरियस बोलते. भारताच्या मुलींच्या टीमची गोष्ट तुला पूर्ण माहीत असायला हवी. ह्या बहुतेक मुली लडाखच्या आणि स्पितीच्या. आधी मुलांचं खेळून झालं की उरलेल्या वेळात बर्फ मिळायचा, भावाचे नाहीतर कोणाचे तरी जुने स्केट्स, साइज मोठा असला की आत मोजे कोंबायचे. लेहजवळच्या सेकमोल या शाळेने मुलींना यात पुढे आणायला पुष्कळ मदत केली. 2016 ला तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेल्या, तेव्हा पैसे नव्हते, लोकवर्गणी काढली. तिथे सपाटून हरल्या. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 हरवलं, तो भारतीय मुलींचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. 2018 च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकनहायझर, चार ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेली, स्वतः लेहला येऊन त्यांच्याबरोबर खेळून गेली. आणि मग 2025 चं ब्राँझ, ते मिळालं कुठे तर अल ऐनला, यूएईत, वाळवंटात, ऐन उन्हाळ्यात. हे तुझ्या टीममधल्या मुलांना ऐकवायला हरकत नाही.

पास मिळत नाही हे मात्र तुझं एकटीचं भांडण नाहीये, ते कोचचं काम आहे. कोचशी बोल, एकटी नको जाऊस, तिघी मिळून जा. एक सोपा उपाय सुचव, सरावात असा गेम लावा की गोल करण्याआधी टीममधल्या प्रत्येकाची स्टिक पकला लागलीच पाहिजे, नाहीतर गोल धरायचा नाही. दोन आठवड्यांत मुलांची सवय बदलते, कारण हरायला कोणालाच आवडत नाही. कोच हे करायला तयार नसेल तर कोच बदल, खेळ नको बदलूस.

आणि अजून एक. तीन मुली उरल्या म्हणतेस तर बाकीच्या का गेल्या ते विचार त्यांना. माझा अंदाज, निम्म्या तरी कपडे बदलायला नीट जागा नाही आणि घरी परतायला अंधार होतो म्हणून गेल्या असतील. याला कोणी खेळातली अडचण म्हणत नाही, पण मुली गळतात त्या इथेच. सराव एक तास आधी घ्या म्हणावं.

"सगळं किट सेकंड हँड घेतलं तर चालेल का? नवीनच्या किमती बघून डोळे फिरले." (राजेंद्र नगर)

चालेल, आणि घ्याच. कॅनडातसुद्धा लोक किंमतीवरून रडतात, वरच्या दर्जाची एक कंपोझिट स्टिक 300 डॉलरच्या वर जाते आणि एका चुकीच्या शॉटला तुटते. गोलीचं किट तर विचारूच नका, म्हणून बरेच क्लब ते क्लबच्या पैशाने घेतात आणि मुलं आळीपाळीने वापरतात, तुम्हीही कोचला तसंच सुचवा. शिन गार्ड, एल्बो, पँट, ग्लव्ह्ज जुने बिनधास्त. फक्त हेल्मेट जुनं घेऊ नका, बाहेरून चांगलं दिसतं पण आतला फोम एकदा जोरात आपटला की कामातून गेलेला असतो आणि ते बघून कळत नाही. आणि जुने ग्लव्ह्ज घेतले की आधी तीन दिवस गच्चीवर उन्हात टाका, त्या वासाबद्दल मी इथे लिहू शकत नाही, मासिक घरातले सगळे वाचतात.

"मुलगी-जावई कॅनडात ब्रॅम्प्टनला असतात. नातू 10 वर्षांचा, तिथल्या आइस हॉकी टीममध्ये आहे. लॉकर रूममध्ये मुलं त्याच्या रंगावरून आणि डब्यावरून चिडवतात म्हणून रडतो, जावई म्हणतात टफ व्हायला पाहिजे. मी लांबून काय करू?" (एक आजी, रामबाग)

आजी, जावयांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की टफ व्हायला पक अंगावर घेणं पुरेसं आहे, त्यासाठी शिव्या ऐकायची गरज नाही.

हे तुमच्या नातवाच्या बाबतीतच झालंय असं नाही. विली ओ'री हा एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, 1958 ला बोस्टनकडून उतरला, तेव्हापासून ही तक्रार आहे आणि 2020 ला काही खेळाडूंनी मिळून हॉकी डायव्हर्सिटी अलायन्स म्हणून संघटनाच काढली, कारण प्रकार थांबत नव्हते. खेळाची इमेज तिकडे गोऱ्या आणि पैसेवाल्या घरातल्या मुलांचा खेळ अशीच राहिली, पहाटेचे सराव, गाडीने दूर दूरच्या टूर्नामेंट, फीया, हे सगळं बघून नव्याने तिकडे गेलेली कुटुंबं मुलांना सरळ बास्केटबॉल-सॉकरला घालतात.

तरी बदलतंय. रॉबिन बावा 1989 ला एनएचएलमध्ये खेळला, भारतीय वंशाचा पहिला. 2008 पासून तिकडे हॉकीची कॉमेंट्री पंजाबीतून होते आणि ती इतकी चालली की आजी-आजोबा नातवंडांबरोबर शनिवारी रात्री मॅच बघायला बसायला लागले. अर्शदीप बैंस हा कॅनडातल्या सरे गावचा मुलगा एनएचएलमध्ये व्हँकूवरकडून खेळलाय. नातवाला ही नावं तुम्ही सांगा, आजीकडून आली की वेगळी वाटतात. व्हिडिओ कॉलवर त्याला ऑफसाइड काय असतं ते समजावून सांगायला लावा, मुलांना आजीला शिकवायला भारी आवडतं आणि बोलता बोलता बाकीचंही बाहेर येतं.

आणि लेकीला सांगा, क्लबला लेखी कळवा, तोंडी नाही. लॉकर रूममध्ये मुलं एकटी असताना जबाबदार मोठं माणूस तिथे किंवा दाराशी असलं पाहिजे असा तिकडे नियम आहे, कोण होतं त्या दिवशी ते विचारा. मोठ्यांनी झाकून ठेवलं की काय होतं ते तिकडे सगळ्यांनी पाहिलंय, मुलांच्या नोंदणी फीचे पैसे लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मिटवायच्या फंडात गेल्याचं उघड झालं आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये हॉकी कॅनडा या तिकडच्या राष्ट्रीय संघटनेचे सीईओ आणि अख्खं संचालक मंडळ पायउतार झालं. त्यामुळे आता लेखी तक्रार कोणी सहजासहजी बाजूला ठेवत नाही.

"मी इनलाइन हॉकी शिकवतो, संध्याकाळी एक सिमेंटचा रिंक दीड तास मिळतो, तोही फिगर आणि स्पीडवाल्यांबरोबर वाटून. 8-9 वर्षांची मुलं भरपूर येतात, 13-14 ला सगळी गायब. पालक म्हणतात बोर्डाची तयारी. मला वाटतं कारण दुसरं आहे. काय करू?" (एक कोच)

सर, बोर्ड हे कारण खरं आहे पण ते शेवटचं कारण असतं. ज्या मुलाला मजा येते त्याला आई ट्यूशनच्या आधी तासभर सोडतेच. ज्याला येत नाही त्याला बोर्ड म्हणजे सुटकेचा रस्ता, आणि तो रस्ता तो नववीतच पकडतो.

मी गेल्या थंडीत असाच एक सराव कडेला बसून बघितला, कुठला ते सांगत नाही. बावीस-तेवीस पोरं, एक बॉल. चार जण खेळतायत, बाकीची भिंतीला टेकून रांगेत. एक बारका, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं, रांगेत उभा राहून स्टिकने भिंतीचा रंग खरवडत होता, त्याचा नंबर आला तेव्हा शिट्टी झाली. बाकावर त्याची आई दोन तास डबा मांडीवर घेऊन. आणि एक बाबा जाळीला तोंड लावून आपल्या मुलाला ओरडत होते, "मार ना, मार ना, देख क्या रहा है", घरी मराठी बोलत असतील पण ओरडायला हिंदी. तो मुलगा प्रत्येक वेळी बॉल मिळाला की आधी बाबांकडे बघायचा. हा 14 व्या वर्षी राहील असं वाटतं तुम्हाला?

तर पहिलं काम, रांगा बंद. अमेरिकेत आणि कॅनडात लहान मुलांना आता पूर्ण रिंक देतच नाहीत, आडवे पट्टे पाडतात आणि एकाच बर्फावर दोन-तीन छोट्या मॅच चालतात, म्हणजे प्रत्येकाला पक जास्त वेळा मिळते. तुमच्याकडे तर जागा कमीच आहे, तुम्हाला हे सहज जमेल. चार प्लास्टिकचे कोन, तीन बॉल, तीन-तीनच्या मॅच. स्पीडवाले कडेने फिरत असतील तरी मधला पट्टा तुमचा.

दुसरं, निवड लवकर करू नका. कॅनडात ऐंशीच्या दशकात रॉजर बार्नस्ली या मानसशास्त्रज्ञाने बघितलं की वरच्या लेव्हलच्या ज्युनियर टीममध्ये जानेवारी-फेब्रुवारी-मार्चला जन्मलेली मुलं खच्चून भरलेली आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली मोजकी. कारण साधं, वयोगट 1 जानेवारीवर मोजायचे, त्यामुळे 10 वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, उंच, दणकट, कोच म्हणतो वा टॅलेंट, त्याला जास्त खेळवतो, मग तो खरंच चांगला होतो. डिसेंबरवाला घरी. तुमच्या रजिस्टरमध्ये जन्मतारखा आहेत ना, जरा बघा टीममध्ये कोण आणि बाकावर कोण. (ता.क. रामबागच्याच एका वडिलांनी विचारलं होतं की मुलाचा जन्म 27 डिसेंबरचा, सिलेक्शन होत नाही, खेळ येत नाही का त्याला. साहेब, खेळ येत असेल, उंची यायचीय, अजून दोन वर्षं थांबा.)

तिसरं, जाळीवरच्या बाबांचं. त्यांना बाहेर काढू नका, कामाला लावा, स्कोअर लिहायला द्या, पाण्याच्या बाटल्या भरायला द्या. हात गुंतले की तोंड कमी चालतं. तरी नाही थांबले तर मुलाच्या समोर नको, फोनवर एकदा स्पष्ट बोला.

आणि रील्सचा राग करू नका. मुलं येतात ती त्यातूनच. फक्त महिन्यातून एकदा पूर्ण मॅच लावा कोणाच्या तरी घरी टीव्हीवर, म्हणजे त्यांना दिसेल की ज्याला ते हिरो समजतात तो साठ मिनिटांतली निम्म्याहून जास्त मिनिटं बाकावर बसलेला असतो, 45 सेकंद-मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि पटकन बाहेर येऊन दुसऱ्याला पाठवतो. बसायला लागणं म्हणजे शिक्षा नाही हे मुलांना तुमच्या सांगण्यापेक्षा त्यातून लवकर पटेल.

"इंदूरला आइस रिंक कधी होणार? स्वच्छतेत नंबर वन, मग यात का नाही?" (छप्पन दुकानवरून, असं पत्रात लिहिलंय)

होऊ शकतो, बर्फ थंड गावातच होतो असं काही नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज 2016 ला एनएचएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला आला आणि फ्लोरिडाच्या टीमांनी तर गेल्या काही वर्षांत स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, चार वेळा नेला. काँक्रीटखाली पाइप, त्यातून गार द्रव फिरवायचा, वर तीन-चार सेंटीमीटरचा बर्फ, उणे पाचच्या आसपास ठेवलेला, झालं. पण मे महिन्यात बाहेर 42 असताना आणि जुलैत हवेत पाणी भरलेलं असताना हे चोवीस तास चालवायचं, वर हवा कोरडी ठेवायची मशीन वेगळी, नाहीतर आत धुकं होतं आणि पक दिसत नाही. बांधायला पैसे मिळतात हो, फीत कापायला सगळे येतात, देहरादूनला बांधून झालाच होता ना. दर महिन्याचं वीजबिल कोणाच्या नावावर येणार हे ठरल्याशिवाय कोणी घोषणा केली तर टाळ्या वाजवू नका. तोपर्यंत आहे त्या स्केटिंग रिंकचं सिमेंट गुळगुळीत करून घ्या, कडेला ढोपरभर उंच बोर्ड लावून घ्या आणि दोन दिवे वाढवून घ्या, हे नगरसेवकाच्या आवाक्यातलं काम आहे आणि अर्ज मराठी, हिंदी कशातही केला तरी चालतो.